बैलाचे कातडे आणि कालामसुत्त
जव्हार संस्थानाच्या स्थापनेची कथा ठाणे गॅझेटियरमध्ये (१८८२) नोंदलेली आहे. जयाबा मुकणे यांनी वारली राजाकडे बैलाच्या कातड्याने व्यापेल एवढीच भूमी मागितली. मग कातड्याच्या वाद्या कापून किल्लाच वेढला. कार्थेज नगराविषयी हाच प्रसंग रोमन कवी व्हर्जिलने दोन हजार वर्षांपूर्वी उल्लेखिला आहे. म्हणून जव्हार-मोखाड्याच्या विद्यार्थ्यांपुढे आम्ही प्रश्न ठेवतो: हकिकत कोणी सांगितली? घटनेनंतर किती शतकांनी लिहिली? ज्याची भूमी गेली, त्या वारल्याची साक्ष कोठे आहे? केवळ परंपरेने आले वा ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नका, हे तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले. छापील गॅझेटियरही त्यास अपवाद नाही. तथापि कथा टाकाऊ नव्हे. ती स्थापनेचा पुरावा नसली, तरी सत्तेची आठवण कशी सांगितली गेली याचा पुरावा निश्चितच आहे.