वैद्यकशिक्षणांतील संभाषा

नांदेड किंवा लातूर येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या व्याख्यानगृहांत आपण डोकावलांत, तर शंभर-दीडशें तरुण-तरुणी खालीं मान घालून टिपणें उतरून घेत आहेत, असें दृश्य बहुधा दृष्टीस पडेल. अध्यापक बोलतात, विद्यार्थी लिहितात आणि तास संपतो. शेवटीं 'कोणाला कांहीं शंका?' असा प्रश्न होतो, आणि कोणीच हात वर करीत नाहीं. हें मौन कोठून आलें आणि तें मोडण्याचे प्रयत्न केव्हां व कसे झाले, याचा थोडासा इतिहास आज सांगावयाचा आहे.

वैद्यकविद्या नुसती ऐकून येते, असें आपल्या पूर्वजांनीं मानलें नव्हतें. चरकसंहितेच्या विमानस्थानांतील आठव्या अध्यायांत विद्या मिळविण्याचीं तीन साधनें सांगितलीं आहेत: अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा, म्हणजे एकच विद्या जाणणाऱ्यांनीं आपसांत केलेली चर्चा. तिचे पुन्हां दोन प्रकार आहेत. प्रतिपक्षाला जिंकण्यासाठीं केलेली ती विगृह्यसंभाषा, आणि स्नेहभावानें केलेली ती संधायसंभाषा. या दुसऱ्या प्रकारांत निःशंकपणें विचारावें, कोणी विचारलें तर मोकळेपणानें सांगावें, हरण्याचें भय बाळगूं नये आणि दुसरा हरला म्हणून हर्ष मानूं नये, असा दंडक ग्रंथकारानें घालून दिला आहे. आजचे शिक्षणशास्त्रज्ञ लहान गटांतील चर्चेचे जे नियम सांगतात, ते याहून फारसे निराळे नाहींत.

मग मध्यें काय झालें? नांदेड-लातूरचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. हैदराबाद येथें १८४६ सालीं पाश्चात्त्य वैद्यकाचें विद्यालय निघालें. पुढें १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें, आणि त्याच्या आश्रयाखालीं वैद्यकसुद्धां उर्दूंतून शिकविण्यांत येऊं लागलें. देशी भाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग मोठाच होता. पण गोदाकांठच्या मराठी मुलाला ती भाषा परकीच. पुढें उर्दू गेली आणि इंग्रजी आली. १९५६ सालीं त्या वेळच्या औरंगाबादेस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें. १९८८ सालीं नांदेडला, १९९० सालीं लातूरला खासगी आणि २००२ सालीं तेथेंच सरकारी महाविद्यालय झालें. विद्या दाराशीं आली. परंतु शिकण्याची भाषा कांहीं घरची झाली नाहीं. जो मनांतल्या मनांत भाषांतर करीत बसला आहे, तो दीडशें जणांसमोर उभा राहून शंका कशी विचारणार?

त्यांत आणखी एक कारण मिसळलें. गेल्या शतकाच्या अखेरीस 'लातूर पॅटर्न'मुळें लातूरचें नांव सर्व महाराष्ट्रांत झालें. परीक्षेची जी कसून तयारी तेथें करून घेत, तिच्या जोरावर खेड्यापाड्यांतील, बेताच्या परिस्थितींतील कितीतरी मुलें डॉक्टर झालीं. हें श्रेय कोणीहि नाकारूं नये. नांदेडनेंहि पुढें तोच मार्ग धरला. पण ही तयारी एकट्यानें, घड्याळ समोर ठेवून करावयाची. चार पर्यायांतून एक निवडावयाचा, आणि शेजारीं बसलेला तो प्रतिस्पर्धी. रोगी मात्र चार पर्याय घेऊन येत नाहीं.

अन्यत्रहि ही अडचण जाणवली होती. कॅनडांतील मॅकमास्टर विद्यापीठानें १९६९ सालीं अवघे वीस विद्यार्थी घेऊन वैद्यकाचें नवें विद्यालय सुरू केलें, आणि व्याख्यानांवर भर न देतां लहान गटांपुढें एकेका रोग्याची हकीकत ठेवली. पुढच्याच वर्षीं मराठवाड्याच्या सीमेलगत जामखेड येथें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें आपलें कार्य आरंभिलें. खेड्यांतील निरक्षर वा अल्पशिक्षित स्त्रियांना त्यांनीं आरोग्यसेविका केलें. या स्त्रिया ठराविक दिवशीं जामखेडला जमत, एकत्र बसत आणि आपापल्या गांवांतील बाळंतिणींच्या व आजारी मुलांच्या हकीकती एकमेकींना सांगत. एकीचा अनुभव दुसरीचा धडा होई. त्या जर चर्चेनें शिकूं शकल्या, तर पदवीचे विद्यार्थी कां शिकणार नाहींत?

समजा, आठ-दहा विद्यार्थी गोल करून बसले आहेत. अध्यापक एवढेंच सांगतात: फवारणी करतांना एक मजूर कोसळला, तोंडाला लाळ सुटली आहे, घाम फुटला आहे, डोळ्यांच्या बाहुल्या टांचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत. एक हुशार विद्यार्थी लगेच कीटकनाशकाचा वर्ग सांगतो, अॅट्रोपीनचा उपायहि सांगतो. इतका वेळ गप्प बसलेला शेतकऱ्याचा मुलगा मराठींत विचारतो, "त्याचे भिजलेले कपडे काढले का? औषधाचा डबा बरोबर आणला का?" विष कातडींतूनहि भिनतें, तेव्हां अंगावरचा ओला सदरा काढून अंग धुणें हा उपचाराचाच भाग आहे. ही गोष्ट पुस्तकांत आहेच. पण ज्यानें ती सोबत्याच्या तोंडून अशी ऐकली, तो ती सहसा विसरत नाहीं.

अर्थात् खुर्च्या गोल मांडल्यानें संभाषा होत नाहीं. अध्यापकांनीं पांच मिनिटांत पुन्हां व्याख्यान सुरू केलें, एकाच वाचाळ विद्यार्थ्यानें सगळा वेळ घेतला, किंवा कोणीच वाचून आला नाहीं, तर त्या नुसत्या गप्पा होतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २०१९ च्या नियमांनीं व्याख्यानांचा वांटा एकतृतीयांशाच्या आंत ठेवण्यास सांगितलें आणि उरलेला वेळ प्रात्यक्षिकें, रुग्णांजवळील शिक्षण व गटचर्चा यांना दिला. पण दीडशें विद्यार्थ्यांचे दहा-दहांचे गट केले, तर एकाच वेळीं पंधरा अध्यापक हवेत. ते नियमानें निर्माण होत नाहींत.

तरीहि या कामीं हयगय परवडणारी नाहीं. आज जो शंका गिळतो, तो उद्यां रोग्यालाहि अर्धवटच विचारील, आणि त्याची किंमत रोगी भरील. म्हणून आपल्या घरांतील मुलगा वा मुलगी वैद्यक शिकत असेल, तर सुटींत घरीं आल्यावर किती गुण मिळाले, एवढ्यावर थांबूं नये. वर्गांत काय विचारलेंस, हेंहि एकदां विचारावें.