अडकलेला बुश, बंद पडलेला कारखाना आणि उद्यमनगरातला लेथ

वडिलांची जावा गेल्या दिवाळीत गोठ्यातनं बाहेर काढली. १९६८ ची, अडीचशे सीसी, टू-स्ट्रोक, दोन सायलेन्सरवाली. बावीस वर्षं कडब्याशेजारी उभी होती. भंगारवाल्यानं किलोवर भाव सांगितला आणि डोकं फिरलं. म्हटलं, आता ही चालू करायचीच.

इंजिन त्या मानानं लवकर सुटलं. अडवलं ते मागच्या स्विंग आर्मच्या बुशांनी. मागचं चाक ज्या दांड्यावर वरखाली होतं, तो फ्रेमला जोडतात तिथं बाहेर नळी, नळीत बुश आणि बुशात पिन असते. गंजानं तिघांना एकजीव केलेलं. चार दिवस डिझेल सोडलं, हातोडा मारला. पिन कशीबशी निघाली, बुश सूतभरही हलले नाहीत.

हे बुश आता बनवतंय कोण, हे शोधायला लागलो आणि भलत्याच इतिहासात शिरलो. तोच सांगायचाय.

१९२९ साली चेकोस्लोव्हाकियात फ्रांतिशेक यानेचेक यांनी जर्मनीच्या वाँडरर कंपनीकडून मोटरसायकल बनवायचे हक्क घेतले. यानेचेकचा ‘जा’ आणि वाँडररचा ‘वा’, म्हणून जावा. पन्नासच्या दशकात या गाड्या मुंबईत आयात होऊन यायच्या. पण देशाकडं परकीय चलन कमी, त्यामुळं तयार गाड्यांच्या आयातीवर बंधनं आली. मग रुस्तुम आणि फारूख इराणी यांनी म्हैसूरला ‘आयडियल जावा’ काढली आणि १९६१ पासून गाड्या तिथं बनायला लागल्या. मद्रासला एनफिल्ड १९५५ मध्येच सुरू झाली होती. पुढं एस्कॉर्ट्सनं पोलंडच्या गाडीवरनं राजदूत काढली. तिन्हींचा आराखडा परदेशी, आणि सरकारचा रेटा एकच: सुटे भाग हळूहळू इथंच बनवा.

लायसन्सराजला आपण शिव्या घालतो आणि त्यात चूक काही नाही. गाडीसाठी नंबर लावून बसायला लागायचं, निवड दोन-तीन गाड्यांची. पण त्या रेट्याचा एक परिणाम आपण विसरलो. रबर, केबल, बुश, गिअर अशा वस्तू गावोगावच्या छोट्या कारखान्यांत बनायला लागल्या. परदेशी नकाशावरचं माप आपल्या लेथवर उतरवणारे टर्नर तयार झाले. आपल्या कोल्हापुरात तर तेल इंजिनांमुळं हे काम आधीपासनंच होतं. शिवाजी उद्यमनगरात मोटरसायकलचा बुश म्हणजे हातचा मळ.

पुढची गोष्ट तुम्हाला माहितीय. १९७३ पासून जावाची येझदी झाली. १९८४-८५ ला जपानी कंपन्यांच्या भागीदारीतल्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या आणि ॲव्हरेजच्या हिशेबात येझदी मागं पडली. १९९६ ला म्हैसूरचा कारखाना बंद. २०१८ ला जावा हे नाव परत आलं, पण ती गाडी फोर-स्ट्रोक. तिचे इंजिनाचे पार्ट जुनीला कसे बसणार?

म्हणजे पार्ट शोधायचे ते बाजारातच. पुण्यात नाना पेठेत फिरलो, रविवारी जुना बाजार पालथा घातला, मुंबईचा चोर बाजारही बघितला. चेक प्रजासत्ताकात या गाड्यांचे पार्ट अजून बनतात, कुरिअरनं येतात. एक अनुभव सांगतो: नावावर विश्वास ठेवून पैसे देऊ नका. म्हैसूरच्या गाडीत वर्षागणिक बारीक बदल होत गेले. जुना पार्ट आणि व्हर्नियर खिशात ठेवा, माप जुळलं तरच घ्या. मी न मापता घेतलेला बुशांचा जोड आजही कपाटात पडलाय.

शेवटी स्विंग आर्म पोत्यात घातला आणि उद्यमनगरात सत्तरीच्या एका मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी नळीवरच्या खुणा बघितल्या आणि म्हणाले, “हातोडा कुणी मारलाय ह्याला? हाणून बुश निघत न्हाई, नळी तेवढी वाकती.”

मग त्यांनी एक लांब आट्याचा बार घेतला. एका बाजूला बुशापेक्षा मोठा पाइपचा तुकडा नळीच्या कडेवर टेकवला. दुसऱ्या बाजूला बुशावर बसेल पण नळीतनं जाईल असा वॉशर. बाहेरची नळी गॅसनं चौफेर तापवली. नळी आधी तापते, फुगते, आतला बुश अजून थंड असतो. पकड ढिली होते ती तेवढ्या वेळापुरतीच. तेवढ्यात नट आवळत गेले. कर्र आवाज झाला आणि एक बुश पाइपात उतरला.

दुसरा काही केल्या येईना. तेव्हा हॅक्सॉचं पातं बुशाच्या आतनं ओवून फ्रेमला लावलं आणि बुश लांबीत चिरला, नळीला पातं लागायच्या बेतानं. बारीक छन्नीनं कड आत दुमडली, बुश हातानं निघाला. नवे बुश गनमेटलचे, बाहेरनं किंचित मोठे ठेवून दाबून बसवले. दाबल्यावर आतलं भोक थोडं आवळतं, म्हणून शेवटी रीमर फिरवून पिनेच्या मापाला आणलं. मजुरी भंगारवाल्यानं सांगितलेल्या भावापेक्षा कमीच झाली.

निघताना विचारलं, “हे काम कुणी शिकतंय का?” म्हणाले, “पोरगं पुण्याला कंपनीत हाय. लेथ इकायचा इचार चाललाय.”

माझा मुद्दा इथं येतो. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्रानं २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचा नियम केला. नवीन नोंदणीला वीस हजार फी, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. चांगलंच आहे. २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात वाहनंही आली. पण तो हक्क मागायचा कंपनीकडं. कंपनीच उरली नसेल तर? गाडीचं वय मोजायला नियम आहे. गाडी दुरुस्त करणाऱ्या हाताची नोंद कुठंच नाही.

मागणी फार मोठी नाही. आयटीआयच्या पोरांना वर्षातले आठ दिवस अशा मिस्त्रींकडं पाठवा, मानधन द्या, मापं आणि रीत कागदावर उतरवा. एकेक लेथ विकला जातोय, तोवरच हे होण्यासारखं आहे.

जावा चालू झालीय. रविवारी रंकाळ्यावर आणतो. तुमच्या पेठेत, गावात असा कुणी जुना टर्नर असेल तर मला कळवा. वही घेऊन मी स्वतः जाणार आहे. उद्यमनगरच्या मिस्त्रींचं पहिलं पान लिहून झालंय.