शहराला नावं ठेवण्याचा हक्क

आई-बाबा बॉस्टनला आले होते तेव्हाची गोष्ट. पाहुण्यांना दाखवायच्या आपल्या ठरलेल्या यादीप्रमाणे क्विन्सी मार्केट झालं आणि कॅनोली खायला आम्ही नॉर्थ एंडकडे निघालो. मधे ती लांबलचक बाग लागते, रोझ केनेडी ग्रीनवे. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. ते थबकले आणि म्हणाले, "अरे, एवढ्या महागाच्या जागेत अशी चिंचोळी बाग कोण ठेवतं? इथे आधी काहीतरी वेगळं असणार."

अंदाज अचूक होता. इथे एक पूल होता! आणि "तुमच्या शहरातलं सगळ्यात नावडतं काय?" असं त्या काळी विचारलं असतं, तर बहुतेक बॉस्टनकरांनी त्याच्याकडेच बोट दाखवलं असतं.

त्याचं नाव सेंट्रल आर्टरी. हिरवा रंग दिलेला, सहा पदरी, शहराच्या डोक्यावरून जाणारा हा लोखंडी रस्ता १९५९ साली पूर्ण झाला. त्यासाठी सुमारे २०,००० लोकांना घरं सोडावी लागली. इटालियन वस्तीचा नॉर्थ एंड बाकीच्या शहरापासून तुटला. रस्ता बांधला होता दिवसाला ७५,००० गाड्यांसाठी. १९९० च्या दशकात त्यावरून दोन लाखांच्या आसपास गाड्या जायला लागल्या आणि दिवसाचे दहा-दहा तास कोंडी. आमच्या टीममधले एक निवृत्तीला आलेले सहकारी सांगतात की लहानपणी पुलाखालून जाताना ते आईचा हात घट्ट धरायचे. वर धडधड, खाली अंधार.

गंमत म्हणजे हा रस्ता लोकांच्या सोयीसाठीच बांधला होता! इतकंच नाही, तर शहराभोवती 'इनर बेल्ट' नावाचा आणखी एक हमरस्ता येणार होता. तो केंब्रिज आणि रॉक्सबरीमधल्या वस्त्या चिरत जाणार होता. यावेळी मात्र लोक गप्प बसले नाहीत. पाद्री, प्राध्यापक, गोरे-काळे शेजारी असे सगळे एकत्र आले आणि जानेवारी १९६९ मध्ये स्टेट हाऊससमोर जमले. गव्हर्नर फ्रान्सिस सार्जंट स्वतः पूर्वी रस्ते बांधणाऱ्या खात्याचे प्रमुख. पण १९७० साली त्यांनी टीव्हीवर येऊन आपली चूक कबूल केली आणि कामं थांबवली. पुढे इनर बेल्ट रद्दच झाला. आपण आज ज्या ऑरेंज लाइनने जातो, तिचा दक्षिणेकडचा भाग अशाच एका रद्द झालेल्या हमरस्त्याच्या जागेतून जातो.

त्या चळवळीत फ्रेड साल्व्हुची नावाचा एमआयटीत शिकलेला तरुण इंजिनियर होता. त्याच्या आजीचं ब्रायटनमधलं घर असंच एका हमरस्त्यासाठी गेलं होतं. पुढे डुकाकिस गव्हर्नर असताना तो राज्याचा वाहतूक सचिव झाला. सेंट्रल आर्टरी पाडून रस्ता जमिनीखाली न्यायचा, या कल्पनेचा त्याने पिच्छाच पुरवला. १९८७ साली अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार मोडून काढत काँग्रेसने पैसे मंजूर केले. १९९१ मध्ये खोदाई सुरू झाली. हाच तो प्रसिद्ध 'बिग डिग'. वर वाहतूक चालू आणि बरोबर खाली बोगद्याचं काम! चालू सिस्टीम बंद न करता अपग्रेड करताना आमची काय तारांबळ उडते ते आयटीवाल्यांना सांगायला नकोच.

सगळं गोड झालं असं मुळीच नाही. खर्च १४ अब्ज डॉलरच्या पुढे गेला. २००६ मध्ये बोगद्याच्या छताचे काँक्रीटचे तुकडे कोसळून एका महिलेचा जीव गेला. कोंडी तर आजही आहे, फक्त जागा बदलली. पण २००८ पासून तिथे सुमारे दीड मैलाची बाग आहे, आणि नॉर्थ एंडला आपण चालत जातो.

हे सगळं ऐकून बाबांनी विचारलं, "आणि तुला इथलं काय आवडत नाही?" मी म्हटलं, "थंडी, घरभाडं, ट्रॅफिक." "मग त्याचं काय केलंस?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मंडळी, पुण्याच्या ट्रॅफिकला आपण किती हक्काने शिव्या देतो! २०२० साली विद्यापीठ चौकातला पूल पाडला तेव्हा इथे बसून आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तावातावाने चर्चा झाली. पण आमच्या गावातल्या रस्त्याबद्दलच्या जाहीर सुनावणीची नोटीस आली, ती मी न वाचताच फेकून दिली होती. 'आपण काय, आज इथे, उद्या प्रोजेक्ट संपला की दुसरीकडे!' खरं तर अशा सुनावणीत बोलायला बहुतेक ठिकाणी सिटिझनशिप लागत नाही, तिथे राहत असलो की पुरतं. आर्टरीला शिव्या देणारेही बरेचसे स्थलांतरितांचीच मुलं-नातवंडं होती. फरक एवढाच की ते स्वतःला पाहुणे समजत नव्हते.

आता दुसरी नोटीस आली आहे. शाळेजवळच्या क्रॉसिंगबद्दल आहे, माझी मुलगी रोज तिथूनच जाते. यावेळी ती नोटीस फ्रिजवर लावली आहे आणि मी जाणार आहे. तुमच्या गावात असं काही असेल, तर तुम्हीही जा.