लॉक्स

लॉक्स : आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या घट्ट कुरळ्या केसांची, केस एकमेकांत गुंतून दोरीसारख्या कायम बटा होणारी केशरचना. हिचे उगमस्थान एकच नाही. सेनेगलमधील बाय फाल या सूफी पंथीयांत ती आढळते. जमैकात 1930 नंतर उदयास आलेल्या रास्ताफारी पंथाने (पहा : रास्ताफारी पंथ) बायबलमधील नाझीर व्रताच्या आधारे केस न कापणे धर्माचरण मानले. 1970 च्या दशकात बॉब मार्ली (पहा) यांच्या रेगे संगीताबरोबर ती जगभर पोहोचली.

लॉक्स म्हणजे केसांची हेळसांड, हा आक्षेप निगेची पद्धत पाहता टिकत नाही. गळलेले केस बटेतच अडकून राहतात व तिला जाडी देतात; म्हणून टाळू शाम्पूने नियमित धुणे, बटा पिळून आतपर्यंत वाळवणे आणि नवे केस मुळाशी वळणे आवश्यक ठरते. ओलसर बटांना कुबट वास येतो; वारंवार घट्ट वळल्यास मुळांवर ताण पडून टक्कल पडते. महाराष्ट्रात देवीच्या कोपाच्या भीतीने न काढली जाणारी जट (पहा) लॉक्सहून भिन्न होय. केशरचना बदलता येते, म्हणून तिला भेदभावविरोधी कायद्याचे संरक्षण नको, असाही युक्तिवाद होतो. अमेरिकेतील एका संघीय अपील न्यायालयाने 2016 मध्ये तो ग्राह्य धरला. मात्र सरळ केसांनाच नीटनेटके मानणारा नियम वंशनिरपेक्ष नसतो. कॅलिफोर्नियाने 2019 मध्ये कायदा करून केशरचनेवरून होणारा भेदभाव वांशिक भेदभाव ठरवला. असा कायदा करणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य होय.