दिवाणांची अदलाबदल आणि रयत

‘नवा गडी, नवें राज्य’ ही म्हण आपण बहुधा थट्टेनें वापरतों. परंतु ज्यांच्या अनुभवांतून ती निघाली त्यांना थट्टा सुचली असेल असें वाटत नाहीं. वरचा एक माणूस बदलला कीं खालचें सारें बदलतें, एवढा अर्थ त्या चार शब्दांत भरलेला आहे. इंग्लंडांतील प्रधानांच्या अदलाबदलीविषयीं सुशिक्षित मंडळींत चर्चा निघते तेव्हां आम्हांस ही म्हण आठवते. सन २०२२ या एका वर्षांत त्या देशानें बोरिस जॉन्सन, लिझ ट्रस व ऋषी सुनक असे तीन मुख्य प्रधान पाहिले आणि चार अर्थमंत्री पाहिले. लिझ ट्रस यांची कारकीर्द तर सुमारें सात आठवड्यांची ठरली. जगाला संसदीय राज्यपद्धतीचे धडे देणाऱ्या राष्ट्राची ही दशा, असा उपहास त्यावर सहज होतो. परंतु प्रधान किती वेळां बदलले एवढेंच मोजून राज्याची प्रकृति कळत नाहीं. त्या बदलाची लाट खालीं कोठपर्यंत पोंचते, हें पाहिलें पाहिजे. आणि तें पाहण्यास लंडनपेक्षां मराठवाड्यांतील एखादें गांव अधिक सोयीचें आहे.

बीड जिल्ह्यांतील परळी तालुक्यांत सिरसाळा नांवाचें गांव आहे. आज तें महाराष्ट्रांत आहे. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत तें निजामाच्या राज्यांत होतें. आम्ही त्याचें नांव येथें केवळ नमुन्यादाखल घेतों. त्याच्यासारखीं शेंकडों गांवें त्या राज्यांत होतीं, आणि हैदराबादच्या देवडींत घडणाऱ्या उलथापालथीचें बिल शेवटीं त्यांनाच भरावें लागे.

राजा चंदुलाल यांनीं प्रथम पेशकार व पुढें दिवाण म्हणून सुमारें पस्तीस वर्षें हैदराबादचा कारभार हांकला व १८४३ मध्यें राजीनामा दिला. त्यानंतरच्या दहा वर्षांत जें घडलें त्याची नुसती यादी बोलकी आहे. १८४६ मध्यें सिराज-उल-मुल्क दिवाण झाले, १८४८ मध्यें गेले. त्यांच्या जागीं अमजद-उल-मुल्क आले. ते थोड्याच दिवसांत गेले. शम्स-उल-उमरा आले, त्यांना १८४९ चें वर्षही पुरें करतां आलें नाहीं. मग राजा रामबक्ष, मग १८५१ मध्यें कांहीं आठवडे गणेशराव, आणि त्याच वर्षीं फिरून सिराज-उल-मुल्क. मधल्या कांहीं महिन्यांत तर दिवाणगिरीची गादी रिकामीच होती.

हे सारे गृहस्थ नालायक होते काय? तसें म्हणतां येत नाहीं. खरी अडचण हैदराबाद कंटिंजंटच्या पगाराची होती. ही फौज निजामाच्या नांवानें उभी केलेली, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतींतील, आणि निजामाच्या खजिन्यावर पोसलेली होती. तिच्या घोडदळाची एक छावणी मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस होती. सिरसाळ्याहून ती जागा फारशी दूर नाहीं. खजिन्यांत पैसा नसला कीं रेसिडेंट तो पगार कंपनीच्या तिजोरींतून देई व निजामाच्या नांवें व्याजासह मांडून ठेवी. दिवाणाला नेमणार निजाम; पण रेसिडेंटची मर्जी नसेल तर त्याचें आसन स्थिर नसे. एका धन्याला खूष करावें तर दुसरा रुष्ट होई, आणि ज्यांच्या पैशावर सर्व चाललें होतें त्या रयतेला तर कोणीच विचारीत नसे.

आतां ही लाट गांवापर्यंत कशी येई तें पाहूं. त्या काळीं मुलखाचा वसूल मक्त्यानें दिला जात असे. पैशाच्या तंगींत सांपडलेला दिवाण सावकारांकडून आणि अरब व रोहिले जमादारांकडून कर्ज काढी व त्याच्या फेडीसाठीं तालुकेच्या तालुके त्यांच्या हवालीं करी. तालुकदार म्हणजे त्या काळचा मक्तेदारच. त्याचा आश्रयदाता दिवाण गेला कीं नवा दिवाण अधिक नजराणा देणाऱ्याला तोच तालुका देई. म्हणून आपली मुदत किती दिवसांची हें ज्याला ठाऊक नाहीं तो मक्तेदार सुगीची वाट न पाहतां जें हातीं लागेल तें उपटून घेई. विहीर बांधावी, पडीत जमिनीस सवलत द्यावी, दुष्काळांत सूट द्यावी, या गोष्टी ज्याला पुढील वर्षाची खात्री आहे त्यालाच सुचणार. देवडींत एक माणूस पडला म्हणजे शिवारांत नवा वसुलीदार उभा राही. ‘नवा गडी, नवें राज्य’ याचा व्यवहारांतील अर्थ हा होता.

याच काळांत लंडनमध्यें काय चाललें होतें? १८५२ या एका वर्षांत तेथेंही लॉर्ड जॉन रसेल, लॉर्ड डर्बी व लॉर्ड ॲबर्डीन असे तीन मुख्य प्रधान झाले. डर्बींच्या मंत्रिमंडळांत इतके अपरिचित लोक होते कीं, त्यांचीं नांवें ऐकतांना वृद्ध व बहिरे ड्यूक ऑफ वेलिंग्टन ‘कोण? कोण?’ असें विचारीत राहिले, अशी कथा प्रसिद्ध आहे. संख्येनें पाहिलें तर लंडन त्या वर्षीं हैदराबादेहून मागें नव्हतें. पण तेथें प्रधान बदलला म्हणून कोण्या परगण्याचा वसूल नव्या मक्तेदाराकडे गेला नाहीं. जाणारा प्रधान पार्लमेंटच्या मतानें जाई व येणाराही त्याच मताच्या आधारावर येई. कचेऱ्यांतील कारकून मात्र आपल्या जागीं असत. तेथें वशिला नव्हता असें नव्हे; पुष्कळ नेमणुका वशिल्यानेंच होत. म्हणूनच नॉर्थकोट व ट्रेव्हेलियन यांनीं नोकरभरती परीक्षेनें करावी असा अहवाल लिहिला, आणि तो ज्या वर्षीं लिहिला तें वर्ष १८५३ होय.

हैदराबादच्या इतिहासांतही तेंच वर्ष निर्णायक ठरलें. २१ मे १८५३ रोजीं निजाम नासिर-उद्-दौला यांना तह करावा लागला आणि कंटिंजंटच्या खर्चापोटीं वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशिवकडील मुलूख इंग्रजांच्या हवालीं झाला. धाराशिव व रायचूर १८६० मध्यें परत मिळाले. वऱ्हाड मिळालें नाहीं. तहानंतर आठवड्याच्या आंतच सिराज-उल-मुल्क वारले व त्यांचे चोवीस वर्षांचे पुतणे सालारजंग दिवाण झाले. ते १८८३ मध्यें मृत्यु येईपर्यंत त्या जागेवर होते. त्यांनीं गहाण पडलेले तालुके सोडविले, मक्त्याची पद्धत हळूहळू मोडली, आणि १८६५ मध्यें जिलाबंदी करून जिल्ह्याजिल्ह्यांवर पगारी अधिकारी नेमले. देवडी व शिवार यांच्यामध्यें त्यांनीं जणूं एक बांध घातला.

यावरून दीर्घ कारकीर्द हेंच औषध, असें अनुमान कोणी काढील तर तें चुकीचें होईल. चंदुलालांची सत्ताही सालारजंगांहून आंखूड नव्हती, आणि राज्य कर्जांत बुडालें तें तिच्यांतच. शिवाय सालारजंगांच्या व्यवस्थेंतही एक उणीव राहिली. कारभार सुधारला, पण कारभारी प्रजेला जबाबदार झाला नाहीं. त्या उणिवेचें फळ अखेरीस दिसलें. १९४६ च्या ऑगस्टापासून अवघ्या दोन वर्षांत सर मिर्झा इस्माइल, दुसऱ्यांदा आलेले छतारीचे नवाब, कांहीं दिवस मेहदी यार जंग, व शेवटीं मीर लायक अली असे प्रधान झाले. २७ ऑक्टोबर १९४७ रोजीं हिंदुस्थान सरकारशीं बोलणीं करणाऱ्या शिष्टमंडळाच्या घरांना इत्तेहादच्या जमावानें वेढा घातला, त्यानंतर छतारींनीं राजीनामा दिला. ज्यांना प्रजेनें निवडलें नव्हतें त्यांना जमावानें घालविलें. बांध फुटला, आणि रझाकारांच्या रूपानें ती लाट मराठवाड्याच्या खेड्याखेड्यांत शिरली. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं तो अध्याय संपला.

आज सिरसाळ्याचा नागरिक मतदार आहे. वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांच्यानंतर विधानसभेची पांच वर्षांची मुदत सलग पुरी करण्याचा योग १९१९ च्या नव्हे, तर थेट २०१९ च्या साली देवेंद्र फडणवीस यांनाच आला. मधल्या काळांत मुख्यमंत्री पुष्कळ बदलले, पण त्यामुळें सिरसाळ्याच्या कोणाचा सातबारा बदलला नाहीं. ही मिळकत लहान नव्हे, आणि ती आपोआप आलेली नाहीं. तरीही मंत्री बदलला कीं अधिकाऱ्यांच्या बदल्यांची कुजबुज सुरू होते, अर्धवट राहिलेल्या कामाचा कागद नव्या साहेबाची वाट पाहत पडतो, आणि गांवचे लोक ‘आतां नव्यानें ओळख काढावी लागेल’ असें म्हणतात, तेव्हां ती जुनी म्हण अजून पुरती निकामी झालेली नाहीं असें वाटतें. मुंबईंत कोण आला व कोण गेला याची चर्चा अवश्य करावी. पण तो आल्यागेल्यानें आपल्या तहसील कचेरींत काय बदललें, हा प्रश्न तिच्याबरोबर विचारण्याची संवय आपण लावून घेतली पाहिजे.