थेंबभर रक्त आणि शिकलेला हात

साकोली आणि आसपासच्या गावांतल्या सगळ्या बचत गटांना आजच्या बोलण्यात सामील करून घेते.

डॉक्टर बदलला की आपण लगेच चौकशी करतो, किती शिकलेला आहे, हाताला गुण आहे का. पण बोटाला सुई टोचून रक्त तपासणाऱ्याची चौकशी कुणी करत नाही. औषध कोणतं द्यायचं, दवाखान्यात पाठवायचं की घरी ठेवायचं, हे पुष्कळदा त्या एका थेंबावर ठरतं. म्हणून आज त्या हातांची गोष्ट सांगते. हे हात कोणते होते आणि त्यांना कुणी, कसं शिकवलं?

सुरुवात हिवतापापासून करू. आपला भाग तलावांचा, धानाच्या बांध्यांचा आणि जंगलाचा, त्यामुळे हा ताप आपल्याला नवा नाही. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि 8 लाख माणसं दगावत, असा अंदाज होता. 1953 साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि 1958 साली तो निर्मूलन कार्यक्रम झाला. मग आरोग्य कर्मचारी घरोघर फिरू लागला. ताप असलेल्याच्या बोटातून रक्त घेऊन तो काचपट्टीवर पसरवायचा. ती काचपट्टी आरोग्य केंद्रात जायची आणि तिथला तंत्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधायचा. हे काम शिकूनच येतं. थर जाड झाला, रंग नीट चढला नाही, नजर तयार नसली, तर जंतू असून दिसत नाही. पद्धत चांगली होती, पण वेळ फार जायचा. अहवाल गावात पोहोचेपर्यंत कधी रोगी बरा झालेला असे, कधी हाताबाहेर गेलेला. रोग खूप खाली आला होता, पण 1976 साली देशात पुन्हा 64 लाखांवर रुग्ण नोंदले गेले.

याच काळात महाराष्ट्रात एक वेगळा विचार पुढे आला. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं. गावातल्या बायका, त्यातल्या बऱ्याच निरक्षर, त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केल्या. एकदा शिकवून त्यांना सोडून दिलं नाही. त्या जामखेडला पुन्हा पुन्हा यायच्या, गावात आलेली अडचण सांगायच्या आणि शिकून परत जायच्या.

आपल्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 साली 'सर्च' ही संस्था सुरू केली. लेकराला न्यूमोनिया आहे का, हे त्याच्या श्वासाच्या वेगावरून कळतं. पण मोजता न येणाऱ्या दाईनं श्वास मोजायचे कसे? त्यांनी मण्यांचं एक साधन केलं, सोबत एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी मण्यांची ओळ वेगळी, कारण तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच जलद असतो. साधन सोपं होतं, तरी कोणत्या बाळाला कोणती ओळ, हे शिकवावंच लागलं.

2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशाताई आली. मूळ सूचनांत आठवी शिकलेली, गावातलीच बाई हवी, आणि पहिल्या वर्षी पाच टप्प्यांत 23 दिवसांचं प्रशिक्षण द्यायचं, असं होतं. हळूहळू हिवतापाची झटपट चाचणी तिच्या हातात आली. जे कळायला आठवडे लागत, ते पंधरा-वीस मिनिटांत अंगणात कळू लागलं.

मात्र ही पट्टी दिसते तेवढी सोपी नाही. तिच्यावर एक नियंत्रण रेषा असते. ती उमटली नाही तर ती पट्टी बाद समजायची आणि नवी घ्यायची. 'रेषा नाही म्हणजे ताप हिवतापाचा नाही' असं म्हटलं, तर रोगी हातचा जाऊ शकतो. पाकिटावर लिहिलेल्या वेळेआधी किंवा फार उशिरा वाचलं तरी निकाल चुकतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो. टिनाच्या पत्र्याखाली पडून राहिलेलं किट बिघडू शकतं. हे सगळं आशाताईला कुणीतरी सांगायला हवं, आणि वरचेवर सांगायला हवं.

आता सिकलसेलचं बघा. हा आपल्या विदर्भाच्या घरादारातला विषय. 1910 साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी विळ्यासारख्या रक्तपेशींचं पहिलं वर्णन छापलं. भारतात 1952 साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा दोष सापडला. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, तीन वर्षांत 7 कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवून.

गावात पहिली चाचणी होते ती विद्राव्यता चाचणी, म्हणजे नळीतलं पाणी गढूळ होतं का ते बघायची. गढूळ झालं तर रक्तात सिकलचा दोष आहे एवढंच कळतं. माणूस रोगी आहे की नुसता वाहक, हे ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली तपासणी लागते. सहा महिन्यांखालच्या बाळात तर गढूळपणावर भरवसाच ठेवता येत नाही. तपासणाऱ्याला एवढं माहीत नसेल, तर धडधाकट वाहक पोरीला 'रोगी' ठरवलं जातं आणि तिचं ठरलेलं लग्न मोडतं. खरं म्हणजे वाहक मुलीचा नवरा निर्दोष असेल तर त्यांच्या लेकरांना सिकलसेल आजार होत नाही. दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक एवढी शक्यता असते. नळी गढूळ झाली हे कुणीही बघेल. त्याचा अर्थ धीरानं समजावून सांगणं हा शिक्षणाचा भाग आहे.

प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञासह अशा व्यवसायांच्या शिक्षणाचे आणि नोंदणीचे नियम ठरवण्यासाठी 2021 साली संसदेनं कायदा केला. गावातली चाचणी आणि प्रयोगशाळेतली तपासणी या एकाच वाटेवरच्या दोन पायऱ्या आहेत. आशाताई संशय पकडते, तंत्रज्ञ खात्री करतो आणि डॉक्टर उपचार ठरवतो. पहिली पायरी कच्ची असेल तर पुढचे दोघं हात बांधून बसतात.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं ठरवा. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत आपल्या गटातली बाई असेल, तर तिनं विचारावं: आशाताईचं शेवटचं प्रशिक्षण कधी झालं? किटची मुदत संपली का? ते उन्हापासून वाचवून ठेवलंय का? प्रत्येकासाठी नवी सुई आहे का? हे प्रश्न आशाताईला पेचात पकडायला नकोत, तिच्या बाजूनं उभं राहून वरच्यांना विचारायचे आहेत. प्रशिक्षण मिळणं हा तिचा हक्क आहे, आणि बरोबर निकाल मिळणं हा आपला.