नन स्टडी

नन स्टडी : वार्धक्य आणि स्मृतिभ्रंश यांसंबंधीचे अमेरिकेतील एक दीर्घकालीन संशोधन. ‘स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम’ या कॅथलिक संन्यासिनी-संघातील 678 वृद्ध भगिनी त्यात सहभागी झाल्या. साथरोगतज्ज्ञ डेव्हिड स्नोडन यांनी 1986 मध्ये मिनेसोटा राज्यातील मॅनकेटो येथील मठात त्याची सुरुवात केली. डॉक्टरांच्या तपासणीत आढळणारी विस्मृती आणि मृत्यूनंतर मेंदूत सापडणाऱ्या रोगाच्या खुणा यांचा मेळ नेहमी बसतोच असे नाही, हे या अभ्यासाने ठळकपणे दाखवले. स्मृतिभ्रंशाविषयीचा आजचा विचार ज्या थोड्या संशोधनांनी घडवला, त्यांत त्याचे स्थान वरचे आहे.

पार्श्वभूमी : जर्मन वैद्य आलॉइस अल्झायमर यांनी 1906 मध्ये एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूतील दोन विकृती वर्णन केल्या. चेतापेशींच्या बाहेर साचलेली पुटे, म्हणजे प्लाक, ही पहिली. पेशींच्या आत झालेली धाग्यांची गुंतवळ ही दुसरी. पुटे अमायलॉइड प्रथिनाची आणि गुंतवळ टाऊ प्रथिनाची असते, हे पुढे कळले. या खुणा जितक्या जास्त तितकी विस्मृती जास्त, असा सरळ हिशेब बराच काळ गृहीत होता. तो पडताळायचा तर माणसाचे तरुणपण, म्हातारपण आणि मृत्यूनंतरचा मेंदू हे तिन्ही अभ्यासकाच्या हाती हवेत. असे सहसा घडत नाही. या मठांमध्ये ते घडले.

सहभागी भगिनी : हा संघ 1833 मध्ये बव्हेरियात स्थापन झाला आणि 1847 मध्ये अमेरिकेत आला. शिक्षण हेच त्याचे मुख्य कार्य असल्यामुळे बहुतेक भगिनींचे आयुष्य वर्गात शिकवण्यात गेले होते. आहार, निवास, उत्पन्न आणि वैद्यकीय सेवा सर्वांना जवळपास सारखीच मिळे. कोणी विवाहित नव्हत्या, धूम्रपान जवळजवळ नव्हते. सर्वसाधारण समाजात दोन वृद्धांची तुलना करताना गरिबी, व्यसने, बाळंतपणे अशी अनेक कारणे एकमेकांत मिसळतात. येथे त्यांतली बरीचशी आपोआप बाजूला पडली.

1917 पूर्वी जन्मलेल्या 1,027 भगिनींना विचारणा झाली आणि 678 जणींनी होकार दिला. पहिल्या तपासणीच्या वेळी, 1991 ते 1993 दरम्यान, त्यांची वये 75 ते 102 वर्षे होती. होकारात तीन गोष्टींना संमती होती : ठरावीक काळाने शरीराच्या व बुद्धीच्या चाचण्या, मठाच्या दप्तरातील स्वतःच्या नोंदी पाहण्याची मुभा आणि मृत्यूनंतर मेंदूचे दान. स्वतःचे मूल नसलेल्या या स्त्रियांनी पुढच्या पिढ्यांसाठी दिलेली ही देणगी होती, आणि सारे संशोधन तिच्यावरच उभे राहिले.

कार्यपद्धती : चाचण्या साध्या होत्या. दहा शब्द दाखवायचे, मध्ये दुसरे काही काम द्यायचे आणि थोड्या वेळाने त्यांतले किती आठवतात ते पाहायचे, ही त्यांपैकी एक. दिवस, स्थळ, वजाबाकी, वस्तूंची नावे विचारणारी 30 गुणांची ‘मिनी मेंटल’ चाचणीही होती. मृत्यूनंतर मेंदू केंटकी विद्यापीठाच्या सँडर्स-ब्राउन वार्धक्य केंद्रात तपासला जाई. स्नोडन 1990 मध्ये मिनेसोटा विद्यापीठातून तेथे गेले होते. मेंदू तपासणाऱ्या तज्ज्ञाला त्या भगिनीचे गुण आधी कळू दिले जात नसत.

आत्मवृत्ते व विचारघनता : अभ्यासाचा सर्वांत अनपेक्षित ठेवा मठाच्या कपाटात होता. संघाच्या अमेरिकेतील प्रमुखांनी 1930 मध्ये आदेश दिला होता, की प्रत्येक भगिनीने जन्मस्थान, आईवडील, बालपणीचे प्रसंग, शाळा आणि मठात येण्याची प्रेरणा एका कागदावर दोन-तीनशे शब्दांत लिहून द्यावी. लिहिणाऱ्यांचे सरासरी वय 22 होते. त्यांतली 93 हस्तलिखिते भाषाशास्त्रज्ञ सुझन केम्पर यांच्या मदतीने तपासण्यात आली आणि निष्कर्ष 1996 मध्ये प्रसिद्ध झाले.

येथे ‘विचारघनता’ मोजली गेली, म्हणजे दर दहा शब्दांत किती स्वतंत्र कल्पना मांडल्या आहेत ते. वाक्याच्या लांबीशी तिचा थेट संबंध नाही. ‘आई मला शाळेत घेऊन गेली आणि मग आई मला शाळेतून घरी घेऊन आली’ हे वाक्य लांब असले तरी विरळ आहे. ‘रडत निघालेली मी आईचा हात सुटताच हसले’ हे त्याच्या जवळपास निम्मे. पण त्यात रडणे, निघणे, हात सुटणे, त्याच क्षणी हसणे असे कितीतरी एकवटले आहे. तरुणपणी विरळ लिहिणाऱ्या भगिनींचे गुण सुमारे 58 वर्षांनंतरच्या चाचण्यांतही कमी आढळले. तोवर निधन पावलेल्या 14 जणींपैकी ज्यांची विचारघनता कमी होती त्या सर्वांच्या मेंदूत अल्झायमर रोग निश्चित झाला. ज्यांची जास्त होती त्यांपैकी एकीच्याही नाही. अर्थात 14 ही संख्या लहान आहे. शिवाय या निष्कर्षाचे दोन अर्थ निघतात. समृद्ध भाषा हे घडणीच्या काळात भक्कम झालेल्या मेंदूचे लक्षण असेल, किंवा विरळ भाषा ही विशीतच सूक्ष्मपणे सुरू झालेल्या आजाराची चाहूल असेल. नुसत्या हस्तलिखितांवरून यांतला एक निवडता येत नाही.

सिस्टर मेरी : स्नोडन यांनी या भगिनीला अभ्यासाचा मानदंड म्हटले. शिकवता-शिकवता, सुट्ट्यांतले आणि पत्राद्वारे चालणारे अभ्यासक्रम पुरे करत त्यांनी वयाच्या 41 व्या वर्षी शालान्त प्रमाणपत्र मिळवले आणि 84 व्या वर्षापर्यंत अध्यापन केले. वयाच्या 101 व्या वर्षी, मृत्यूला काही महिने उरले असताना, मिनी मेंटलमध्ये त्यांना 30 पैकी 27 गुण मिळाले. मृत्यूनंतर पाहिलेला मेंदू अवघा 870 ग्रॅम भरला आणि त्यात पुटे व गुंतवळ दोन्ही भरपूर होती. मेंदू अल्झायमरच्या रुग्णाचा, पण बाई शेवटपर्यंत शुद्धीवर, हुशार आणि बोलक्या. ‘मेंदूची राखीव क्षमता’ ही संकल्पना समजावून सांगताना आजही हे उदाहरण दिले जाते : चेतापेशींचे जाळे पुरेसे दाट असेल, तर काही वाटा बुजल्या तरी कामाला दुसऱ्या वाटा सापडतात.

रक्तवाहिन्यांचा वाटा : 1997 मध्ये 102 पदवीधर भगिनींच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या 61 मेंदूंत अल्झायमरच्या खुणा निकषाइतक्या होत्या. या गटात पक्षाघाताच्या बारीक खुणाही नसलेल्यांपैकी 57 टक्के स्मृतिभ्रंशाने ग्रस्त होत्या. मेंदूच्या खोल भागात अशा एकदोन बारीक खुणा असलेल्यांमध्ये हे प्रमाण 93 टक्के होते. ज्यांच्यात अल्झायमरच्या खुणा नव्हत्या, त्यांच्यावर या जखमांचा परिणाम फारसा दिसला नाही. रोग एकच असला तर मेंदू काही वेळा निभावून नेतो. दोन ओझी एकत्र आली की बहुतेकदा कोलमडतो. रक्तदाब व मधुमेह काबूत ठेवणे हे स्मरणशक्तीसाठीही मोलाचे का, याचे उत्तर येथे मिळते.

मनोवृत्ती व आयुर्मान : डेबोरा डॅनर, स्नोडन व वॉलेस फ्रीझन यांनी 2001 मध्ये 180 आत्मवृत्तांतील आनंद, कृतज्ञता, आशा, प्रेम व्यक्त करणारी वाक्ये मोजली. अशी वाक्ये सर्वांत कमी लिहिणाऱ्या चतुर्थांश गटातला मृत्यूचा धोका सर्वांत जास्त लिहिणाऱ्या गटाच्या अडीच पट होता. तरुणपणातील मनःस्थितीचा धागा वार्धक्यापर्यंत पोचतो, याचा हा लक्षणीय पुरावा आहे.

मर्यादा : सर्व सहभागी स्त्रिया होत्या, त्याही बहुतांशी युरोपीय वंशाच्या, सुशिक्षित आणि एका शिस्तीत राहिलेल्या. त्यामुळे निष्कर्ष इतर समाजांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. भारतात तर अडचण चाचणीपासूनच सुरू होते. कधीच शाळेत न गेलेल्या आजींना ‘वाचा’ आणि ‘वाक्य लिहा’ असे सांगून स्मृतिभ्रंश ओळखता येत नाही. हरियाणातील बल्लभगढ येथे मेरी गांगुली व सहकाऱ्यांनी 1995 मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिंदी चाचणीत म्हणून बदल केले गेले. ‘डोळे मिटा’ ही अक्षरे वाचायला देण्याऐवजी तपासनीस स्वतः डोळे मिटतो आणि समोरच्याने तसेच करायचे असते. भारतातील राष्ट्रीय पातळीवरच्या ‘लासी-डॅड’ या सर्वेक्षणावर आधारलेल्या 2023 च्या अंदाजानुसार साठीपुढील 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख, व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. स्त्रियांत, ग्रामीण भागात आणि कमी शिकलेल्यांत हे प्रमाण अधिक आढळले. मुलीचे शिक्षण तिच्या सत्तरीतल्या स्मरणशक्तीशीही निगडित आहे, हे दोन अगदी वेगळ्या समाजांतून पुढे आले आहे.

महत्त्व व पुढील वाटचाल : मेंदूदानाला आधीच संमती घेऊन जिवंतपणी वर्षानुवर्षे चाचण्या करण्याची पद्धत शिकागोतील रश विद्यापीठाच्या ‘रिलिजस ऑर्डर्स स्टडी’ने 1994 पासून अधिक व्यापकपणे राबवली. त्यात पुरुष धर्मगुरूही आहेत. स्नोडन यांचे ‘एजिंग विथ ग्रेस’ हे पुस्तक 2001 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या निवृत्तीनंतर प्रकल्प मिनेसोटा विद्यापीठाकडे परतला आणि पुढे मेंदूंचा संग्रह टेक्सास विद्यापीठाच्या सॅन अँटोनिओ येथील केंद्राकडे आला. जपून ठेवलेल्या ऊतींवर नव्या तंत्रांनी अभ्यास चालू आहे.

या अभ्यासाचा एक चुकीचा अर्थ मात्र घरोघरी काढला जातो : ज्याला स्मृतिभ्रंश झाला, त्याने आयुष्यात डोके कमी चालवले असावे. आयुष्यभर वाचणाऱ्या आणि शिकवणाऱ्या अनेक भगिनींनाही हा आजार झालाच. राखीव क्षमता आजार लांबवू शकते, तो होणारच नाही याची हमी देत नाही. ज्यांना तो झाला त्या नावे विसरल्या, त्यांचे प्रार्थनेचे शब्द हरवले. त्यांना भरवायला, न्हाऊ घालायला मठातल्या इतर भगिनी होत्या. मेंदू सर्वांचेच दान म्हणून घेतले गेले. जिच्या चाचणीला शून्य गुण होते तिचाही. विस्मृतीविषयी आज जे कळले आहे, त्यात त्या मेंदूंचा वाटा सिस्टर मेरींच्या मेंदूइतकाच मोठा आहे.